आवाजावरून माणूस ओळखता येतो का? आपले कान, आपला फोन आणि एआय नेमकं काय ऐकतात

अनोळखी नंबरवरून फोन येतो. समोरचा नुसतं "हॅलो" म्हणतो आणि आपण मनात ठरवूनही टाकतो: हा लोनवाला दिसतोय, ही कुणीतरी मोठी मॅडम आहे, हा गावाकडचा वाटतोय, याचं काही खरं नाही. चेहरा दिसलेला नसतो, नावही कळलेलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी मीही असंच केलं. आमच्या टीमसाठी फ्रेशर्सचे फोन राउंड घेत होतो. एका मुलाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येत होता, शब्दांची टोकं तुटत होती. उत्तरं बहुतेक बरोबर होती. तरी फॉर्ममध्ये मी 'कम्युनिकेशन कमजोर' असा शेरा मारला आणि त्याचं काम तिथेच थांबलं. सहा-सात महिन्यांनी तोच मुलगा दुसऱ्या टीमच्या इंटरव्ह्यूमधून आमच्याच कंपनीत लागला. शेजारी बसून बोलायला लागला तेव्हा मला कळेना की यात कमजोर काय होतं! विचारलं तर म्हणाला, "दादा, त्या दिवशी हॉस्टेलच्या जिन्यात बसलो होतो. रेंज नव्हती, आणि इअरबड्सही मित्राचे होते."

म्हणजे मी त्याचे इअरबड्स नापास केले होते, आणि शेरा त्याच्या नावावर लागला होता.

म्हणून हा लेख. आवाज तयार कसा होतो, त्यातून खरंच काय कळतं, फोन त्यात काय गाळतो आणि आपलं डोकं त्यात काय भर घालतं, हे एकेक करून बघू.

आवाज तयार कसा होतो?

तीन गोष्टी एकत्र येऊन आपला आवाज बनतो.

१) स्वरतंतू: फुप्फुसातली हवा स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंमधून वर येते आणि ते थरथरतात. एका सेकंदात किती वेळा थरथरतात, ती झाली आवाजाची मूळ वारंवारता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. प्रौढ पुरुषांमध्ये ती साधारण ८५ ते १८० हर्ट्झ असते, स्त्रियांमध्ये साधारण १६५ ते २५५ हर्ट्झ, लहान मुलांमध्ये आणखी वर. आपण 'जाड आवाज', 'बारीक आवाज' म्हणतो तो मुख्यतः हा फरक.

२) घसा, तोंड आणि नाक: तंबोऱ्याची तार नुसती छेडली तर आवाज किरकोळ येतो, भोपळ्यामुळे तो भरदार होतो. आपल्या शरीरात भोपळ्याचं काम घशाची, तोंडाची आणि नाकाची पोकळी करते. ती काही वारंवारता वाढवते, काही दाबते. जीभ आणि ओठ हलवले की पोकळीचा आकार बदलतो आणि 'आ'चा 'ई' होतो. स्वीडनच्या गुन्नार फांट यांनी १९६० मध्ये याचं गणित पुस्तकरूपात मांडलं. आजचं बरंचसं स्पीच तंत्रज्ञान त्याच पायावर उभं राहिलं.

३) सवय: बोलण्याचा वेग, कुठे थांबायचं, कुठला हेल काढायचा, 'ण' म्हणायचं की 'न'. हे शरीरातून येत नाही. घर, गल्ली, शाळा आणि मित्र यांच्याकडून येतं.

लक्षात ठेवा: पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी जन्माने मिळतात, तिसरी आपण जिथे वाढलो तिथून. हुशारी किंवा प्रामाणिकपणा यातल्या एकाही ठिकाणी बसलेला नाही.

आवाजावरून काय कळतं आणि काय कळत नाही?

बऱ्यापैकी कळतं:
- प्रौढ माणूस पुरुष आहे की स्त्री (अपवाद भरपूर)
- वयाचा ढोबळ अंदाज
- सर्दी, घसा बसणं, थकवा
- ओळखीचं माणूस कोण आहे ते
- बोलीचा पट्टा, जर तो पट्टा ऐकणाऱ्याच्या ओळखीचा असेल तर

कळत नाही, पण कळतं असं वाटतं:
- माणूस हुशार आहे का
- खरं बोलतोय का
- कामाला चांगला आहे का
- देहाने किती मोठा आहे. पुरुषाचा आवाज जाड म्हणजे तो धिप्पाड असणार, असं आपण धरून चालतो. पण प्रौढ पुरुषांमध्ये जाड आवाज आणि उंची यांचा संबंध फारच कमजोर निघतो.

खरं-खोटं ओळखण्याबद्दल तर आपला भ्रम मोठा आहे. बघून आणि ऐकून खोटं पकडण्याच्या प्रयोगांचा एकत्रित हिशोब २००६ मध्ये चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी मांडला. माणसं सरासरी १०० पैकी ५४ वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते.

अर्ध्या सेकंदातला निकाल

स्कॉटलंडच्या ग्लासगो विद्यापीठातल्या फिल मॅकलिअर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ६४ जणांच्या तोंडून फक्त 'हॅलो' हा शब्द घेतला. तो अर्ध्या सेकंदाहूनही छोटा होता. ३२० जणांना तो ऐकवून विचारलं, हा माणूस विश्वासू वाटतो का, दबाव टाकणारा वाटतो का, वगैरे. गंमत म्हणजे ऐकणाऱ्यांची मतं एकमेकांशी चांगलीच जुळली.

इथे एक चूक सहज होते. सगळ्यांना तसंच वाटलं म्हणजे ते खरं असणार, असं आपण समजतो. प्रयोगात मोजलं गेलं ते फक्त 'वाटणं'. ज्यांचा आवाज विश्वासू वाटला ती माणसं खरंच विश्वासू होती का, हे त्यात तपासलेलंच नव्हतं.

हा फरक जुन्या प्रयोगात जास्त स्पष्ट दिसतो. १९२७ मध्ये मँचेस्टरचे मानसशास्त्रज्ञ टी. एच. पिअर यांनी बीबीसी रेडिओवर नऊ जणांना एकामागून एक वाचायला लावलं आणि श्रोत्यांना पत्राने कळवायला सांगितलं की हा माणूस कोण असेल, काय काम करत असेल. चार हजारांहून जास्त उत्तरं आली. काही गोष्टी लोकांनी ओळखल्या, पण व्यवसायाच्या बाबतीत अनेकदा भरपूर लोकांचं एकाच चुकीच्या उत्तरावर एकमत झालं. सगळ्यांच्या डोक्यात 'अशा आवाजाचा माणूस असा असतो' हा साचा आधीच तयार होता. आवाजाने फक्त तो साचा उघडला.

कानापेक्षा डोकं जास्त ऐकतं

साचा किती खोल असतो, हे दाखवणारे चार प्रयोग बघा.

कॅनडा, १९६०: वॉलेस लँबर्ट यांनी माँट्रिअलमध्ये दोन्ही भाषा अस्खलित बोलणाऱ्यांकडून एकच मजकूर इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वाचून घेतला. ऐकणाऱ्यांना वाटलं, ही वेगवेगळी माणसं आहेत. इंग्रजी आवाजाला बऱ्याच गुणांवर जास्त मार्क मिळाले. विशेष म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या श्रोत्यांनीही स्वतःच्या भाषेच्या आवाजाला कमी लेखलं.

अमेरिका, १९९२: डोनाल्ड रुबिन यांनी विद्यार्थ्यांना एकच रेकॉर्ड केलेलं लेक्चर ऐकवलं. काहींसमोर गोऱ्या बाईचा फोटो ठेवला, काहींसमोर आशियाई बाईचा. आवाज तोच, तरी आशियाई चेहरा बघणाऱ्यांना त्यात परदेशी उच्चार 'ऐकू आला' आणि लेक्चरही कमी समजलं.

अमेरिका, १९९९: भाषाशास्त्रज्ञ जॉन बॉ आणि सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात भाड्याच्या घरांसाठी घरमालकांना फोन केले. बोलणारा एकच, बोलण्याच्या पद्धती तीन: प्रमाण अमेरिकन, कृष्णवर्णीय अमेरिकन आणि मेक्सिकन वंशाच्या लोकांची. गोऱ्या वस्तीत दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीने बोलल्यावर घर बघायला बोलावणं बरंच कमी वेळा आलं. नुसत्या 'हॅलो'वरून बोली ओळखण्यात श्रोते ७० टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर निघाले. ओळख बरोबर होती, पण तिच्यावरून घेतलेला निर्णय अन्यायाचा होता.

अमेरिका, २०१०: शिरी लेव्ह-आरी आणि बोअझ केसार यांनी दाखवलं की तेच विधान परक्या उच्चारात ऐकलं तर लोकांना ते कमी खरं वाटतं. ऐकायला थोडे कष्ट पडतात, आणि ते कष्ट आपण बोलणाऱ्याच्या खात्यावर टाकतो.

आपल्याकडचा 'ण' आणि 'न'

हे प्रयोग परदेशातले, पण मराठीत याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. 'पाणी' ऐवजी 'पानी', 'कोण' ऐवजी 'कोन' म्हटलं की वर्गात पहिला हशा पिकतो. मी बुलढाण्याचा. पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रेझेंटेशनमध्ये एकदा 'कारन' म्हणालो आणि पुढचे चार महिने तेच माझं नाव होतं. मग रूमवर आरशासमोर 'ण' घोटला. आणि काही वर्षांनी फोनच्या पलीकडे बसून दुसऱ्याचा आवाज तपासायला लागलो!

आता या 'शुद्ध-अशुद्ध'कडे जरा थंड डोक्याने बघू. मूळ संस्कृत शब्द आहे 'पानीय', त्यात 'न' आहे. हिंदीत त्याचं 'पानी' झालं. आपल्या प्रमाण मराठीत मात्र 'न'चा 'ण' झाला. म्हणजे मुळाशी जवळ असण्याचाच हिशोब लावायचा तर ज्याला हसतो तोच उच्चार जवळचा निघतो. शिवाय दिल्लीचा माणूस 'पानी' म्हणाला तर आपण त्याला अडाणी समजत नाही. वऱ्हाडातला म्हणाला की समजतो. आवाज एकच, फरक आपल्या डोक्यातल्या नकाशाचा.

बहिणाबाई चौधरींच्या कविता आपण शाळेत पाठ करतो. त्यांची भाषा खानदेशची बोली आहे आणि १९५२ मध्ये पुस्तक आल्यापासून महाराष्ट्र ती डोक्यावर घेतो. पुस्तकात जी बोली गोड लागते, ती कस्टमर केअरच्या फोनवर किंवा कॉलेजच्या व्हायव्हात आली की 'गावठी' कशी होते?

प्रमाण भाषेचा उपयोग आहे, लांबच्या माणसाला पटकन कळावं म्हणून. ती येणं हे एक कौशल्य आहे. ती घरातून न मिळणं हा कुणाचा दोष नाही.

फोन मधल्या मध्ये काय करतो?

आता आपल्या खिशातल्या मशीनकडे येऊ.

साध्या टेलिफोन कॉलमध्ये आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो. म्हणजे १२० हर्ट्झचा पुरुषी आवाज घेतला तर त्याची मूळ वारंवारता फोनमधून जातच नाही! तरी तो जाड कसा वाटतो? कारण स्वरतंतू १२० च्या पटीतल्या वारंवारताही तयार करतात: ३६०, ४८०, ६०० अशा. त्या पोचतात, आणि त्यांच्यातलं १२० चं अंतर पकडून मेंदू गाळलेला आकडा स्वतः भरून काढतो.

वरचा भाग मात्र असा भरून निघत नाही. 'स'ची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते, ती कापली जाते. म्हणून जुन्या लाइनवर 'स' आणि 'फ' सारखे वाटतात आणि आडनाव तीनदा सांगावं लागतं.

व्हीओएलटीईवरच्या एचडी कॉलमध्ये हा पट्टा साधारण ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत जातो. म्हणून जिओ-एअरटेलचे आजचे कॉल पूर्वीपेक्षा स्वच्छ वाटतात. पण त्यासाठी दोन्ही बाजूंचे फोन आणि नेटवर्क ते चालवणारे हवेत. एक जण २जीवर घसरला की दोघांचाही आवाज जुन्या पट्ट्यात जातो.

ब्लूटूथ इअरबड्सची आणखी एक गंमत आहे. गाणी ऐकताना ते एका मोडमध्ये असतात. माइक चालू झाला की साधे ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं आणि क्वालिटी खाली येते. त्यावर नॉइज कॅन्सलेशन कधी कधी पंख्याच्या आवाजाबरोबर शब्दाची शेपटीही कापतं.

ही नुसती तांत्रिक कटकट नाही. एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ यांनी २०१८ मध्ये शास्त्रज्ञांची तीच भाषणं आणि त्याच मुलाखती चांगल्या आणि खराब ऑडिओत ऐकवल्या. खराब ऑडिओत ऐकणाऱ्यांना संशोधनही कमी दर्जाचं वाटलं आणि शास्त्रज्ञही कमी हुशार वाटले. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये हेच नोकरीच्या बोलण्यावर करून पाहिलं. शब्द तेच, फक्त माइक पत्र्यासारखा. ऐकणाऱ्यांना बोलणारा कमी हुशार आणि नोकरीला कमी लायक वाटला. आवाज कॉम्प्युटरचा असला तरी तसंच झालं.

माझ्या 'कम्युनिकेशन कमजोर' शेऱ्याचं उत्तर मला इथे मिळालं. ज्याच्याकडे चांगला माइक, शांत खोली आणि पूर्ण रेंज आहे, त्याला काही मार्क बोलायच्या आधीच मिळतात.

एआयचे कान तरी निःपक्ष आहेत का?

मशीनला जात, गाव, चेहरा कळत नाही, मग ते न्याय करेल, असं वाटू शकतं. पण मशीन शिकतं ते आपणच दिलेल्या रेकॉर्डिंगवरून. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या आवाज लिहून घेणाऱ्या सिस्टिम तपासल्या. गोऱ्या अमेरिकन लोकांच्या बोलण्यात दर १०० शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. कारण साधं आहे: जे आवाज शिकताना कमी ऐकले, ते परीक्षेत कमी कळले.

गूगलचं मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ मध्ये आलं. घरी करून बघा: तुम्ही प्रमाण मराठीत एक वाक्य बोला, मग आजीला तिच्या बोलीत तेच बोलायला सांगा, आणि कुणाचं जास्त बरोबर उमटतं ते मोजा. आजीचं कमी उमटलं तर बिघाड आजीच्या बोलण्यात नाही, मशीनच्या अभ्यासात आहे. यावर उपाय म्हणजे मशीनला जास्त प्रकारचे आवाज देणं. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' या खुल्या प्रकल्पात मराठी आहे. तिथे कुणीही वाक्यं वाचून आवाज देऊ शकतो.

आवाजावरून भावना किंवा स्वभाव सांगण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअर त्याहून पुढची गोष्ट. युरोपियन युनियनच्या एआय कायद्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत माणसाच्या भावना ओळखणाऱ्या एआयवर बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली आहेत.

मग करायचं काय?

तुम्ही बोलणारे असाल तर:
- महत्त्वाच्या कॉलला वायरचे इअरफोन किंवा थेट फोनच कानाला लावा.
- आदल्या दिवशी त्याच जागेवरून मित्राला कॉल करून "शब्द तुटतात का?" एवढं विचारा.
- लाइन खराब असेल तर सुरुवातीलाच सांगा आणि पुन्हा कॉल लावायला सुचवा. हे बोलायला लाजू नका.
- हेल लपवण्यापेक्षा वेग थोडा कमी करा. समजण्यात जास्त फरक त्याने पडतो.

तुम्ही ऐकणारे असाल तर:
- मत बनलं की स्वतःला विचारा: हे मी त्याच्या उत्तरावरून म्हणतोय की आवाजावरून?
- काय बोलला ते लिहून घ्या आणि मार्क कागद बघून द्या.
- 'समजलं नाही' आणि 'त्याला येत नाही' या दोन वेगळ्या नोंदी ठेवा.

आमच्या टीमच्या फॉर्ममध्ये 'कम्युनिकेशन'च्या शेजारी आता एक रकाना आहे: 'लाइन कशी होती?' खराब असेल तर कॉल पुन्हा घ्यायचा, नापास करायचं नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रेकॉर्डिंगमध्ये माझाच आवाज मला विचित्र का वाटतो?*
बोलताना स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही पोचतो. हाडांतून खालचे सूर जास्त येतात, म्हणून तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला आवाज असतो. बाकी जग तुमचा तोच आवाज रोज ऐकतं आणि त्यांना त्यात काही विचित्र वाटत नाही.

*आवाज जाड केला तर लोक जास्त मानतात का?*
वाटण्याच्या पातळीवर, हो. २०१२ मध्ये अमेरिकेत केसी क्लॉफस्टॅड आणि सहकाऱ्यांनी एकच वाक्य सॉफ्टवेअरने जाड आणि बारीक करून ऐकवलं. लोकांनी जाड आवाजाला जास्त 'मतं' दिली. पण त्यावरून तो माणूस चांगलं काम करेल असं ठरत नाही. आणि जबरदस्तीने आवाज खाली ओढला तर घशावर ताण येतो.

*आवाज ओळखीचा असेल तर पैसे पाठवायला हरकत नाही ना?*
हरकत आहे. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दाखवलेलं 'व्हॅल-ई' हे मॉडेल तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करत होतं. घाईने पैसे मागणारा कॉल आला तर कट करा आणि त्या माणसाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सरकारी हेल्पलाइनला कळवा.

*मग मी माझा उच्चार बदलू का?*
कामासाठी प्रमाण मराठी किंवा स्वच्छ इंग्रजी शिकायची असेल तर जरूर शिका, जसं एखादं नवीन सॉफ्टवेअर शिकतो तसं. घरचा उच्चार पुसायची गरज नाही. मी ऑफिसात 'कारण' म्हणतो, आईशी बोलताना 'कारन'. दोन्हीकडे माझं म्हणणं पोचतं.